एडिंबरात कुठली टूर घ्यावी: पायी, जमिनीखालची की रात्रीची भुतांची?

लंडनला मुलांकडे आलेले आई-वडील असोत किंवा युरोपच्या धावपळीतून स्कॉटलंडसाठी दोन दिवस काढणारी मंडळी, एडिंबरात पोचल्यावर पहिला प्रश्न हाच असतो. रॉयल माइल या जुन्या गावातल्या मुख्य रस्त्यावर जागोजागी कुणी ना कुणी टूर विकत असतं. माझं मत आधीच सांगतो. पहिल्या सकाळी पायी टूर घ्या. तिकीट काढून एकच टूर करायची असेल, तर जमिनीखालची, 'द रिअल मेरी किंग्ज क्लोज'. भुतांची टूर वेळ उरला तर.

पायी टूर का, याचं उत्तर गावाच्या रचनेत आहे. किल्ला खडकावर, तिथून होलिरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा हाच मोठा रस्ता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना फुटणारे अरुंद बोळ. त्यांना तिथे 'क्लोज' म्हणतात. आपले आपण चाललो तर शालींची आणि बिस्किटांची दुकानं तेवढी दिसतात. चांगला गाइड अ‍ॅडव्होकेट्स क्लोजच्या पायऱ्यांवर नेऊन उभं करतो आणि दोन भिंतींच्या फटीतून थेट लेखक वॉल्टर स्कॉट यांचं स्मारक दिसतं. मधल्या खोलगट बागेच्या जागी पूर्वी नॉर लॉख हे तळं होतं, आणि पलीकडे जेम्स क्रेगच्या १७६७ च्या आराखड्यानुसार न्यू टाउन वसलं. ऐपतवाले तिकडे गेले, जुन्या गावात दाटी आणि दारिद्र्य उरलं. ही गोष्ट त्या पायऱ्यांवर उभं राहून ऐकावी.

बऱ्याच पायी टूरना 'फ्री टूर' म्हणतात, पण शेवटी मिळणारी बक्षिशी हीच बहुधा गाइडची कमाई असते, तेव्हा हात आखडता घेऊ नका. दोन-अडीच तास चढ-उतार, दगडी फरसबंदी आणि बोचरा वारा असतो. गुडघे दुखणाऱ्यांना हे झेपणार नाही. त्यांनी सेंट जाइल्स चर्च आणि नॅशनल म्युझियम निवांत पाहावं, दोन्हींना तिकीट नाही.

मेरी किंग्ज क्लोजला तासभर लागतो आणि पावसाची चिंता नसते. १७५३ मध्ये रॉयल एक्स्चेंजचं, म्हणजे आजच्या सिटी चेंबर्सचं, बांधकाम सुरू झालं तेव्हा इथल्या उंच घरांचे वरचे मजले पाडले आणि खालचे पाया म्हणून ठेवले. त्यामुळे आपण देखाव्यातून नव्हे, खऱ्याखुऱ्या खोल्यांतून फिरतो. बोळाचा तीव्र उतारसुद्धा तसाच आहे. डोक्यावर आकाश नाही, एवढाच फरक. गाइड त्या काळच्या रहिवाशाच्या वेशात असतो आणि त्याच्याच तोंडून बोलतो: १६४५ ची प्लेगची साथ, एकाच जिन्यावर नांदणारे गरीब आणि श्रीमंत, खिडकीतून खाली ओतली जाणारी घाण. मेरी किंग ही कापडाचा धंदा करणारी विधवा, आणि सतराव्या शतकात एका बोळाला तिचं नाव मिळालं, हे मला फार मोलाचं वाटतं. आत फोटो काढता येत नाहीत, पायऱ्या उंचसखल आहेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. तिकीट ऑनलाइन आधीच काढा.

भुतांच्या टूर बहुतेक साउथ ब्रिजखालच्या तळघरांत जातात. १७८८ मध्ये पूर्ण झालेल्या या पुलाला १९ कमानी आहेत, त्यातली एकच उघड दिसते. बाकीच्या इमारतींमागे दडल्या. तिथल्या ओलसर अंधारात माणसांनी संसार केले, पण टूरमध्ये त्यांच्या जगण्याऐवजी किंकाळ्याच जास्त ऐकायला मिळतात. ते मला खटकतं. अपवाद ग्रेफ्रायर्स दफनभूमीच्या रात्रीच्या टूरचा. १६७९ मध्ये धर्मासाठी लढलेल्या कव्हेनंटर कैद्यांना जिथे उघड्यावर डांबलं होतं, त्या भागातलं कुलूपबंद आवार या टूरमध्ये उघडतात. एरवी दफनभूमी दिवसा कुणालाही फिरता येते.

किल्ल्यासाठी वेगळा गाइड लागत नाही. रविवार सोडून इतर दिवशी दुपारी एकला उडणारी तोफ गाठता आली तर बघा.

मराठी माणसाने मात्र किल्ल्याजवळच्या मनोऱ्यातला कॅमेरा ऑब्स्क्युरा चुकवू नये. वरच्या अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या गोल टेबलावर बाहेरचं गाव हलतं-चालतं उमटतं. टेबलावर कागद धरला की रस्त्यावरच्या माणसाची प्रतिमा त्यावर उचलता येते. हा मनोरा १८९२ मध्ये नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी घेतला. जवळच्या जेम्स कोर्टमधल्या पडक्या वस्तीत ते पत्नीसह राहायला गेले आणि घरं पाडण्याऐवजी दुरुस्त करत राहिले. हेच गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि त्यांच्यानंतर तो विभाग गो. स. घुर्ये यांनी सांभाळला.

संध्याकाळसाठी जेवणासकट 'स्कॉटिश नाइट'चं महाग तिकीट काढण्यापेक्षा फॉरेस्ट रोडवरच्या सँडी बेल्स पबमध्ये जा. तिथे वादक टेबलाभोवती बसून फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवतात. तिकीट नाही, आपलं पेय घ्यायचं आणि शांत ऐकायचं. हॅगिस हा मूळचा मांसाचा स्कॉटिश पदार्थ, पण शाकाहारी हॅगिसही गावात सहज मिळतं: डाळी, ओट्स, भरपूर मिरपूड.

ऑगस्टमध्ये फ्रिंज हा मोठा कला महोत्सव असतो, तेव्हा खोल्यांचे भाव कडाडतात आणि पायी टूरचा गाइड नीट ऐकूही येत नाही. २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांवर सलग पहिल्या ५ रात्रींसाठी ५ टक्के पर्यटक करही आहे. मे किंवा सप्टेंबर जमवा.