सिस्ले की मोने? सरावासाठी कुठलं चर्च घ्यावं

इम्प्रेशनिस्टांच्या (बदलत्या प्रकाशाचा ठसा रंगवणाऱ्या, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या चित्रकारांच्या) एखाद्या चर्चची नक्कल करून हात बसवायचा असेल, तर एकच इमारत वेगवेगळ्या प्रकाशात पुन्हा पुन्हा रंगवलेल्या दोन मालिका हमखास समोर येतात: रुआँ शहरातल्या कॅथीड्रलची, म्हणजे मुख्य चर्चची, क्लोद मोनेची आणि मोरे गावातल्या चर्चची आल्फ्रेड सिस्लेची. काळही जवळपास एकच. मोनेने १८९२ आणि १८९३मध्ये रुआँत काम केलं आणि पुढे जिव्हर्नी गावातल्या आपल्या स्टुडिओत ती चित्रं पुरी केली. सिस्लेची मालिका १८९३-९४ची. तो तर मोरेतच राहत होता.

माझं मत विचाराल तर आधी सिस्ले. त्याने चर्च तिरक्या कोनातून घेतलंय, त्यामुळे दोन भिंती दिसतात आणि इमारतीचं वजन जाणवतं. वर मोकळं आकाश, खाली रस्ता, रस्त्यावर चिमुकली माणसं. ही दोन-चार फटकाऱ्यांची माणसं बोटाने झाकून बघा, चर्चची उंची लगेच कमी वाटायला लागते. रेखाटन चुकलं तर मात्र रंग काही वाचवत नाही, म्हणून परस्पेक्टिव्ह (लांब जाताना रेषा कशा लहान होत जवळ येतात ते) आधी पक्कं करा. डेट्रॉइटच्या संग्रहालयात पावसानंतरचं एक चित्र आहे. त्यातले दबलेले निळे-करडे रंग नवशिक्याला झेपणारे आहेत.

मोने चौकापलीकडच्या खिडकीतून बघत होता. दर्शनी भागाने जवळजवळ सगळा कॅनव्हास व्यापलाय, वरचा भाग कापला गेलाय, आकाशाला कोपऱ्यापुरती जागा. निसर्गचित्र म्हणावं का, असाच प्रश्न पडतो. पण रंग! पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातलं भर उन्हातलं, निळ्या-सोनेरी छटांचं चित्र बघा. कमानींच्या आतली सावली काळी नाही, चक्क नारिंगी आहे. दगड फिकट सोनेरी, आणि त्यावर जागोजागी निळसर छटा. सावलीत काळा मिसळायची खोड मोडायला यापेक्षा चांगला धडा नाही.

अडचण एकच, पण मोठी. मोनेने रंगाचे थरावर थर चढवलेत, पृष्ठभाग गिलाव्यासारखा खरबरीत झालाय. छापील प्रतीत किंवा स्क्रीनवर तो सपाट दिसतो आणि नक्कल करणारा नुसते डाग देत बसतो. जलरंगात तर हा नाद सोडाच. सिस्ले जलरंगात निभावून जातो.

तरीही मोनेच हवा असेल, तर अख्खं कॅथीड्रल घेऊ नका. एकच कमान निवडा, छोट्या कॅनव्हासवर तैलरंगात करा, आणि खालचा थर वाळल्याशिवाय वरचा देऊ नका.