पॉलिमरच्या सरफेसला प्लाझ्मा द्यायचा की आयन इम्प्लांटेशन?

नुसतं गोंद किंवा शाई धरावी एवढंच हवं असेल तर इम्प्लांटेशनच्या (म्हणजे वेगवान आयन पृष्ठभागाच्या आत घुसवण्याच्या) भानगडीत पडूच नका, प्लाझ्मा (विजेने आयनीकृत केलेला वायू) द्या नाहीतर फिल्म असेल तर कोरोना (हवेतला हाय व्होल्टेज डिस्चार्ज), काम मिनिटात होतं.

पण आधी एक करून बघा. पॉलिप्रॉपिलीनच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका, मण्यासारखा गोल बसतो, थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो अँगल साधारण १०० डिग्री. प्लाझ्मानंतर तोच थेंब पसरतो आणि आपण खूश. मग तुकडा दोन-तीन आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवा आणि परत थेंब टाका, बऱ्यापैकी गोल झालेला दिसेल, कारण बदल वरच्या काही नॅनोमीटरचाच असतो आणि वरच्या चेन्स (पॉलिमरचे लांब रेणू) हळूहळू वळून पोलर ग्रुप्स (पाण्याला ओढणारे भाग) आत घेतात. म्हणजे ट्रीटमेंट आणि चिकटवणं यात किती दिवस जाणार हे आधी ठरवा, माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

इम्प्लांटेशनचं गणित वेगळं. ५० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा नायट्रोजन आयन पॉलिमरमध्ये साधारण दीड-दोनशे नॅनोमीटर आत जातो, वाटेत बॉन्ड तोडतो, हायड्रोजन बाहेर पडतो, उरलेल्या चेन्स एकमेकींना जोडल्या जातात आणि डोस (प्रति चौरस सेंटीमीटर किती आयन मारले) वाढवला की थर कार्बनसारखा होत जातो. त्यामुळे कडकपणा वाढतो, झीज कमी होते, थोडा करंटही वाहायला लागतो आणि अशा जोडल्या गेलेल्या (क्रॉसलिंक झालेल्या) चेन्स सहज वळत नाहीत म्हणून परिणाम जास्त टिकतो. पण रंग बदलतो बरं का! पॉलिकार्बोनेटचा स्वच्छ तुकडा पिवळट, मग तपकिरी होतो, तेव्हा पारदर्शक पार्ट असेल तर विषय संपला.

दुसरी डोकेदुखी उष्णता. १ मायक्रोअँपिअर प्रति चौरस सेंटीमीटर बीमने १०^१५ आयनांचा डोस द्यायला साधारण १६० सेकंद लागतात, घाई करून करंट वाढवला तर व्हॅक्यूममध्ये उष्णता जायला जागा नसते आणि पातळ शीट वाकडी होऊन बाहेर येते. शिवाय पॉलिमर इन्सुलेटर, म्हणजे चार्ज साठणार, त्याची सोय वेगळी करावी लागते.

आणि बीम सरळ रेषेत जातो, नळीच्या आत किंवा वळणाच्या मागे पोचत नाही. तिथे प्लाझ्मा इमर्शन हा मधला मार्ग आहे, पार्ट प्लाझ्मात बुडवून हाय व्होल्टेजचे निगेटिव्ह पल्स द्यायचे की आयन सगळ्या बाजूंनी येतात (इन्सुलेटर असल्यामुळे बऱ्याचदा पुढे धातूची जाळी लावतात). प्रोटीन पक्कं चिकटवायचं असेल तर मी हाच घेईन, आतल्या थरात अडकलेले रॅडिकल्स (तुटलेल्या बॉन्डची जोडायला टपलेली टोकं) हळूहळू वर येत राहतात आणि प्रोटीनला कोव्हॅलंट बॉन्डने धरतात, वेगळं केमिकल लिंकर लागत नाही.

एक मात्र, पीएमएमए (अ‍ॅक्रिलिक) आणि पीटीएफई (टेफ्लॉन) यांच्या चेन्स कमी डोसला जुळण्याऐवजी तुटतातच जास्त, त्यामुळे पॉलिइथिलीनचा डोस उचलून यांना देऊ नका.