कोरल ॲटॉलची जिऑलॉजी ट्रिप: गाईड अप्रतिम, पण ओहोटीची वेळ बघूनच बुक करा

मालदीवला ॲटॉल, म्हणजे मधल्या उथळ पाण्याभोवती असलेली कोरलची कडी, बघायला चार दिवसांच्या गाईडेड जिऑलॉजी ट्रिपला जाऊन आलो, नऊ जणांचा ग्रुप आणि सोबत एक जिऑलॉजिस्ट मॅडम. मॅडमना दहापैकी दहा, आयोजकांच्या प्लॅनिंगला जेमतेम सहा.

पहिल्याच दिवशी मॅडमनी प्रत्येकाच्या हातात भिंग दिलं, तळहातावर चिमूटभर वाळू ठेवली आणि म्हणाल्या, यात नदीच्या वाळूत असतो तसला एक तरी कण शोधून दाखवा. कुणालाच सापडला नाही! कोरलचे झिजलेले तुकडे, शिंपल्यांचा चुरा, हॅलिमेडा नावाच्या शेवाळाच्या चपट्या पांढऱ्या चकत्या, फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय समुद्री जिवांची इवलीशी कवचं, सगळं कधीतरी जिवंत असलेलं. आणि यातली कितीतरी वाळू पॅरटफिशच्या पोटातून आलेली असते, ते कोरल खरवडून खातात आणि चुरा मागे टाकतात. मालदीवमधल्याच वक्करू बेटाच्या रीफवर (कोरलच्या खडकावर) झालेल्या अभ्यासात नव्याने बनणाऱ्या वाळूचा 85 टक्क्यांहून जास्त हिस्सा या माशांचा निघाला होता, म्हणजे हा मासा संपला तर बेटाला वाळू पुरवणार कोण? ती चिमूट खाली टाकायला मला जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी बीचरॉक. किनाऱ्यावर समुद्राकडे कललेल्या फरश्या दिसतात ना, ती वाळूच असते, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चुन्याने चिकटून दगड झालेली. मला वाटायचं दगड व्हायला हजारो वर्षं लागत असतील, पण एका फरशीत हिरव्या काचेच्या बाटलीचा तुकडा पक्का रुतून बसलेला होता, नखाने हलवून बघितला, हलेना. काही दशकांतसुद्धा हे होतं म्हणे.

थिअरीचं सेशन रात्री, आणि तेही कंटाळवाणं अजिबात नव्हतं. ॲटॉल हा शब्दच मुळात तिथल्या दिवेही भाषेतून जगभर गेलाय. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं आणि भोवतीचं कोरल वर वाढत राहून कडं उरतं ही डार्विनची 1842 ची मांडणी आपण शाळेत वाचलेली, पण ती तपासायला लोकांनी किती वर्षं घालवली ते माहीत नव्हतं. पॅसिफिकमधल्या फुनाफुटी ॲटॉलवर 1890 च्या दशकात 300 मीटरच्या पुढे ड्रिल केलं तरी चुनखडीच, शेवटी 1952 मध्ये तिथल्याच एनेवेटाक ॲटॉलवर 1200 मीटरच्याही खाली बसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा खडक लागला. मालदीवच्या खालचा बसाल्ट तर रियुनियन हॉटस्पॉटचा (पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येणाऱ्या जागेचा), म्हणजे ज्याच्यातून दख्खनचा कातळ आला तोच! भूकवचाची प्लेट त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेली आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग लागली. हे ऐकून अंगावर काटा आला खरंच.

आणि मॅडम डार्विनवर थांबल्या नाहीत हे मला जास्त आवडलं. 2021 मध्ये आलेल्या एका पेपरनुसार आत्ताच्या ॲटॉलचा आकार ठरवण्यात हिमयुगांचा मोठा हात आहे, समुद्र साधारण 120 मीटर खाली गेला की सपाट चुनखडी उघडी पडायची, पावसाचं पाणी मध्यभागी साठून ती विरघळवायचं, कडा उंच राहायच्या आणि समुद्र परत चढला की त्या कडांवर कोरल वाढायचं. दोन्ही बाजू त्यांनी वाळूत काढून समजावल्या.

आता तक्रार. तिसऱ्या दिवशी रीफ फ्लॅटवरून, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या रीफच्या सपाट भागावरून चालत रीफच्या बाहेरच्या कडेपर्यंत जायचं होतं, माझ्यासाठी ट्रिपमधलं सगळ्यात मोठं आकर्षण तेच, आणि बोट दीड तास उशिरा आली. तोवर पाणी मांडीपर्यंत चढलेलं, मॅडमनी पुढे नेलं नाही आणि ते बरोबरच होतं, कारण पाण्यात पाय कुठे पडतोय दिसलं नाही तर जिवंत कोरल तुडवलं जातं. आयोजक म्हणाले उद्या नेऊ, पण ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेला आमची परतीची बोट होती. हे आधी कॅलेंडर बघून ठरवता आलं असतं, फार वाईट वाटलं.

तुम्ही जाणार असाल तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या तारखा घ्या, तेव्हा पाणी जास्त खाली जातं. जाड सोलचे बूट न्या. वाळू, कोरल, शिंपले देशाबाहेर न्यायला तिथे बंदी आहे, त्यामुळे मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर भिंग धरून वाळूचे फोटो काढा, हॅलिमेडाच्या चकत्या फार सुंदर येतात.