मेणाचा गोळा, आंधळ्याचा घन आणि बारा व्याख्याने

ज्ञान बुद्धीतून येते की इंद्रियांतून, या पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील जुन्या वादावरील बारा ध्वनिमुद्रित व्याख्यानांचा एक सशुल्क अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. तत्त्वज्ञानाचे औपचारिक शिक्षण नसलेल्या, पण मूळ युक्तिवाद टाळू न इच्छिणाऱ्या श्रोत्यासाठी तो आहे, असा आयोजकांचा दावा आहे. तो बहुतांशी खरा ठरतो, तरी सगळीकडे नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तवरील व्याख्यान उत्तम उतरले आहे. १६४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘चिंतने’ या ग्रंथातील मेणाचा दाखला बहुतेक ठिकाणी अर्धाच सांगितला जातो: पोळ्यातून नुकत्याच काढलेल्या मेणाला मधाची चव, फुलांचा वास, आकार आणि काठिण्य असते; विस्तवाजवळ नेताच हे सारे पालटते, तरीही मेण तेच आहे असे आपण म्हणतो, म्हणून ते ‘तेच’ असल्याचे इंद्रियांनी सांगितलेले नाही. येथे थांबले, तर ‘मग ते कल्पनाशक्तीने कळले असेल’ हा पर्याय उघडा राहतो. व्याख्याते तो बंद करतात. मेण घेऊ शकेल असे आकार अगणित आहेत, ते सगळे कल्पनेने डोळ्यांसमोर आणणे शक्य नाही, आणि तरीही मेण असे पालटू शकते हे आपल्याला कळते. म्हणून हे कळणे बुद्धीचेच, असा हा युक्तिवाद आहे. ही एक पायरी न गाळल्याबद्दल मी त्यांचे बाकीचे बरेच दोष माफ करायला तयार आहे.

ज्ञान अनुभवातून येते असे मानणाऱ्या इंग्रज तत्त्वज्ञ लॉककडे वळताना मात्र भाषेची अडचण होते. लॉकच्या ‘आयडिया’ या मूळ संज्ञेसाठी सर्वत्र ‘कल्पना’ हा शब्द योजला आहे. मराठीत कल्पना म्हणजे मनाने रचलेले काहीतरी, तर लॉकला मनासमोर असणारी कोणतीही गोष्ट अभिप्रेत आहे; त्यात डोळ्यांना दिसणारा पिवळा रंगही येतो. मेणाच्या युक्तिवादात ‘कल्पनाशक्ती’ ऐकून आलेला श्रोता येथे हमखास गोंधळतो. पहिल्याच मिनिटात एक खुलासा पुरला असता.

अभ्यासक्रमाचे खरे मोल पाचव्या व्याख्यानात आहे. जन्मांध माणसाला स्पर्शाने घन आणि गोल ओळखता येतात. त्याला दृष्टी मिळाली, तर हात न लावता, केवळ पाहून तो त्यांतला घन कोणता हे सांगू शकेल का, असा प्रश्न विल्यम मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने लॉकला विचारला होता. लॉकने मॉलिन्यूच्याच मताला दुजोरा देत ‘नाही’ असे उत्तर दिले. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचे उत्तर मात्र ‘होय’ असे होते, परंतु एका अटीवर: समोरच्या वस्तू घन आणि गोल आहेत हे त्याला आधी सांगितलेले असावे. घनाला आठ कोपरे असतात, गोलाला एकही नसतो, आणि हा फरक बुद्धीला पकडता येतो. पुढे १७२८ साली चेसेल्डन या इंग्रज शल्यविशारदाने मोतीबिंदू काढलेल्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलाला दिसणाऱ्या वस्तू डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटत होत्या. तेथून व्याख्याते थेट २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाकडे येतात. भारतात शस्त्रक्रियेनंतर दृष्टी मिळालेल्या, ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच मुलांना दोन दिसणाऱ्या आकारांची तुलना चांगली जमली, पण हाताने चाचपलेला आकार नजरेने ओळखणे लगेच जमले नाही. पुन्हा तपासलेल्या मुलांना मात्र ते काही दिवसांतच बरेच जमू लागले.

व्याख्याते येथे लॉकला विजयी घोषित करून टाकतात, आणि मला ते पटत नाही. स्पर्श आणि दृष्टी यांची जोडणी आधीपासून नव्हती हे खरे, पण इतक्या थोड्या दिवसांत ती जुळते, तर जुळवून घेण्याची काही ठेवण मनात आधीच असावी. मन हा कोरा दगड नसून आत शिरा असलेला संगमरवर आहे, हे लायब्निझचे म्हणणे येथे आठवायला हवे होते. त्याच्यावर स्वतंत्र व्याख्यान असूनही ते आठवलेले नाही.

सर्वांत कच्चा भाग म्हणजे प्रत्येक व्याख्यानानंतरच्या बहुपर्यायी चाचण्या. त्यांत देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ हे बुद्धीला ज्ञानाचा उगम मानणाऱ्यांच्या रांगेत आणि लॉक, बर्कली, ह्यूम हे इंद्रियानुभवाला मानणाऱ्यांच्या रांगेत उभे करायचे असतात. इंद्रधनुष्य समजून घेण्यासाठी पाण्याने भरलेला काचेचा गोल घेऊन प्रयोग करणारा देकार्त आणि ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध होते असे मानणारा लॉक या रांगांत नीट बसत नाहीत. व्याख्याते हे दोन्ही मुद्दे स्वतः सांगतात, पण चाचणी तयार करणाऱ्याने ती व्याख्याने ऐकली होती की नाही, अशी शंका येते. जर्मन तत्त्वज्ञ कांटवरील अखेरची दोन व्याख्याने घाईत उरकली आहेत; ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ हा त्याचा १७८१ चा प्रचंड ग्रंथ दीड तासात मावत नाही, यात नवल नाही.

घेणाऱ्यांनी पाचव्या व्याख्यानापासून सुरुवात करावी, मग मागे देकार्तकडे जावे. चाचण्या वगळल्या तर प्रमाणपत्र मिळत नाही, मी वगळल्या.