६,४०,००० रुपयांचे कर्ज आणि अस्तित्वात नसलेली पदवी

बारावीचा निकाल लागला की नागपुरात सीताबर्डीपासून वर्धा रोडपर्यंत विमानांची चित्रे असलेले फलक झळकू लागतात. 'पदवीसह मिहानमध्ये नोकरी, शैक्षणिक कर्जाची सोय आमच्याकडे' असा मजकूर त्यांवर असतो; मिहान म्हणजे नागपूर विमानतळालगतचा औद्योगिक प्रकल्प. अशाच एका संस्थेने २०२३ मध्ये माझ्या भाच्याच्या नावावर ६,४०,००० रुपयांचे कर्ज चढवले. त्या कर्जावर सहकर्जदार म्हणून माझी सही आहे, आणि ज्या पदवीसाठी ते घेतले ती पदवी अस्तित्वातच नाही. संस्थेचे नाव लिहू नका, उलट तुमच्यावरच बदनामीचा दावा होईल, असे वकिलांनी बजावले आहे, म्हणून ते येथे देत नाही. नाव कळले तरी फारसा उपयोग नाही, कारण त्यांनी ते एव्हाना बदललेले आहे.

मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. दुसऱ्यांच्या कर्जाच्या फायली तपासणे हे माझे रोजचे काम आहे, आणि 'मग तुमच्या कसे लक्षात आले नाही?' हा प्रश्न मला कार्यालयात, घरी आणि नातेवाइकांच्या लग्नांतही विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की संस्थेने सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी नऊ खऱ्या होत्या. मिहानमध्ये एअर इंडियासाठी बोइंगने उभारलेला विमान देखभाल-दुरुस्ती तळ २०१५ मध्ये सुरू झाला, हे खरे आहे. टाटा समूहाच्या कंपनीने बोइंग ७८७ विमानांच्या फरशीखालच्या तुळया तेथेच बनवल्या, हेही खरे आहे. या क्षेत्रात कुशल माणसे लागतात, हे तर कोणीही सांगेल. खोटे होते ते इतकेच, की त्यांचा तीन वर्षांचा 'बी.एस्सी. विमान देखभाल' अभ्यासक्रम त्या दारापर्यंत नेतो.

तो नेत नाही. दुरुस्तीनंतर विमान उड्डाणास योग्य आहे अशी सही करण्याचा अधिकार डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना असलेल्या अभियंत्यालाच असतो. तो परवाना सीएआर-६६ या नियमांखाली मिळतो आणि त्यासाठीचे मूलभूत प्रशिक्षण सीएआर-१४७ खाली मान्यता मिळालेल्या संस्थांत होते. या संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर उघड आहे. नुसत्या पदवीच्या कागदावर परवाना मिळत नाही. समुपदेशकाने 'एव्हिएशन' हा शब्द कितीही वेळा उच्चारला तरी त्याला एकच प्रश्न विचारा: सीएआर-१४७ मान्यतेचा क्रमांक काय? उत्तरादाखल माहितीपुस्तिका पुढे सरकवली, तर उठून बाहेर या.

ताई आणि भाऊजी काटोलकडे संत्र्याची बाग करतात. भाऊजींकडे आयकर विवरणपत्रे नाहीत, त्यामुळे कर्जाला पगारदार सहकर्जदार हवा होता. 'तू आहेस ना रे नागपुरात, तूच बघून घे,' असे ताई म्हणाली आणि मी बघितले. प्रथम मी भाच्याला घेऊन एका राष्ट्रीयीकृत बँकेतच गेलो होतो, हे मुद्दाम नमूद करतो. तेथील अधिकाऱ्याने फॉर्म चाळला आणि फक्त एक कागद मागितला: विद्यापीठाचे हे केंद्र नागपुरात चालवण्याची परवानगी ज्या आदेशाने मिळाली, त्याची प्रत. पदवी देणारे विद्यापीठ परराज्यातील खासगी विद्यापीठ होते. तो कागद मी संस्थेकडे मागितला, तेव्हा समुपदेशक हसून म्हणाला, 'सर, सरकारी बँका मुलांचे वर्ष वाया घालवतात. आमच्या फायनान्स कंपनीला तो कागद लागतच नाही.'

त्या वाक्यापाशी मी आजही अडकतो. कर्ज देणाऱ्याला कागद लागत नाही म्हणजे परतफेड कोर्समधून होईल की नाही याची त्याला फिकीरच नाही, आणि त्याचा भरवसा सहकर्जदाराच्या पगारावर आहे, हा अर्थ माझ्या धंद्यातल्या माणसाला दुसऱ्या क्षणी लागायला हवा होता. पतसंस्थेत असा अर्ज आला असता तर मीच त्यावर शेरा मारून परत पाठवला असता. पण प्रवेशाची मुदत तीन दिवसांवर आली आहे असे सांगितले गेले होते, भाच्याने जागा राखण्याचे २५,००० रुपये आधीच भरले होते आणि तो शेजारी बसून माझ्या तोंडाकडे पाहत होता. अशा वेळी 'नाही' म्हणणारा मामा किती घरांत आहे, ते मला कोणीतरी सांगावे. आणि ती मुदत तीन दिवसांची नव्हतीच. ऑगस्टअखेरपर्यंत प्रवेश सुरू होते.

पुढचे सारे टॅबवर झाले. माझ्या मोबाइलवर तीन ओटीपी आले आणि समुपदेशकाने ते 'पडताळणीसाठी' म्हणून घेतले. प्रत्यक्षात पहिला केवायसीचा, दुसरा करारावरील ई-सहीचा आणि तिसरा माझ्या खात्यातून दरमहा रक्कम कापण्याच्या ई-मँडेटचा होता. कराराची प्रत चार दिवसांनी ईमेलवर आली. डिजिटल कर्ज ठरावीक मुदतीत, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून, दंडाशिवाय परत करता येते, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत होती. ती आम्हाला कोणी सांगितली नाही. ओटीपी सांगण्यापूर्वी त्या संदेशातील प्रत्येक शब्द स्वतः वाचा, समोरचा कितीही घाई करो.

आता हिशेब. तीन वर्षांची फी ६,९०,००० रुपये. त्यापैकी ५०,००० आम्ही रोख भरले आणि उरलेले ६,४०,००० कर्जातून एकाच दिवशी संस्थेच्या खात्यात गेले. बँक सत्रागणिक फी सोडते, त्यामुळे पहिल्या वर्षी घोटाळा उघड झाला तर उरलेले पैसे तरी वाचतात. येथे वाचवायला काहीच उरले नव्हते. प्रक्रिया शुल्क जीएसटीसह १५,१०४ रुपये वेगळे. व्याजदर १३.५ टक्के. 'शिकत असेपर्यंत काही भरायचे नाही' असे तोंडी आश्वासन होते. करारात मात्र ऑगस्ट २०२३ पासून दरमहा ७,२०० रुपये नुसते व्याज आणि ४२ महिन्यांनंतर सात वर्षे दरमहा ११,८१८ रुपयांचा हप्ता आहे. एकूण परतफेड १२,९५,११२ रुपये. फलकावरील पहिला पगार होता ३५,०००. आधीच्या तुकडीतील जी मुले आम्हाला नंतर भेटली, ती विमानतळाशी संबंधित कंत्राटदारांकडे १४,००० रुपयांवर सामान हलवण्याचे काम करत होती. १४,००० तून ११,८१८ वजा केले की काय उरते, ते शाळकरी मुलालाही सांगता येईल. म्हणून कोणत्याही विशेष अभ्यासक्रमासाठी कर्ज काढताना संस्थेने दाखवलेला सर्वांत मोठा पगार वहीत लिहूच नका; मागच्या तुकडीतील सर्वांत कमी पगाराच्या मुलाला गाठा आणि हप्ता त्याच्या पगाराशी ताडून पाहा.

दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला हॉल तिकीट आले नाही, तेव्हा मी थेट विद्यापीठाला लिहिले. 'नागपुरात आमचे कोणतेही केंद्र नाही आणि या नावाचा विद्यार्थी आमच्याकडे नोंदलेला नाही,' असे दोन ओळींचे उत्तर आले. खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अशी केंद्रे चालवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या यशपाल प्रकरणातील निकालापासून स्पष्ट आहे. पदवी कोण देऊ शकतो, हे तर यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम २२ मध्ये १९५६ पासून लिहिलेले आहे. बँकेतला तो अधिकारी नेमका हाच कागद मागत होता. संस्थेच्या संचालकाने शांतपणे सांगितले की आम्ही फक्त 'प्रशिक्षण सेवा' देतो आणि पावतीवरही तसेच छापले आहे. होते खरे, अगदी बारीक अक्षरांत. भाच्याची बारावीची मूळ गुणपत्रिका आणि टीसी त्यांच्याकडे अडकली होती. मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत असे यूजीसीने २०१८ मध्येच बजावले आहे, तरी ४०,००० रुपये मागितले गेले आणि १८,००० वर सौदा झाला. मी ते दिले, कारण मुलाला दुसरीकडे प्रवेश घ्यायचा होता. मूळ कागद कोणाकडेही ठेवू नका. पडताळणी झाली की त्याच टेबलावरून उचला.

यानंतरचा संताप संस्थेपेक्षाही मोठा आहे. पोलीस ठाण्यात पहिले वाक्य ऐकले ते 'हा दिवाणी वाद आहे.' दुसरे वाक्य: संस्थेचे खाते मुंबईचे, तेव्हा तुम्ही तिकडे जा. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी तक्रार नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मी दाखवले, तेव्हा फसवणूक १ जुलै २०२४ च्या, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू होण्याच्या, आधीची असल्याने जुन्या दंड संहितेचे कलम ४२० लावायचे की नव्या न्याय संहितेचे ३१८, यावर चर्चा सुरू झाली. यात कोडे काहीच नाही: गुन्हा जुना म्हणून कलम जुने, नोंद आता म्हणून कार्यपद्धती नवी. पण त्या चर्चेच्या आडोशाने माझा अर्ज नुसता 'आवक' शिक्का मारून ठेवला गेला. शिक्षणाशी संबंधित एका यंत्रणेने कळवले की ही संस्था आमच्या मान्यताप्राप्त यादीत नसल्याने कारवाई आमच्या कक्षेत येत नाही. दुसऱ्या एका यंत्रणेचे उत्तर शब्दशः तसेच होते, फक्त लेटरहेड वेगळे. म्हणजे संस्थेने मान्यता घेतली असती तर तिच्यावर कारवाई झाली असती. मान्यताच न घेतल्यामुळे ती सर्वांच्या तावडीतून सुटली! मग या राज्यात बेकायदा संस्थेवर कारवाई करायची कोणी, हा प्रश्न मी लेखी विचारला आहे, आणि त्या पत्रावरही आवकचा शिक्का आहे. ग्राहक आयोगाचा विचार केला, तर वकिलांनी शिक्षण ही ग्राहक कायद्याखालची 'सेवा' नाही असे म्हणणारे सर्वोच्च न्यायालयाचे २०१० आणि २०१२ चे निकाल पुढे ठेवले. त्यावर माझे म्हणणे असे की संस्थेची पावतीच 'प्रशिक्षण सेवा' म्हणत असेल तर तिने तेथे तरी सेवा असल्याचे नाकारू नये. या मुद्द्यावर वकील आता अर्ज तयार करत आहेत.

फायनान्स कंपनीचे उत्तर ठरलेले होते: कर्ज वेगळे आणि अभ्यासक्रम वेगळा. त्यांच्याच माणसाची खुर्ची संस्थेच्या प्रवेश कक्षात होती, याची त्यांना आठवण नाही. एक हप्ता मुद्दाम थांबवून पाहिला, तर भाच्याचा आणि माझा, दोघांचाही सिबिल घसरला. तेव्हा रागाने हप्ता बंद करू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. मी गेलो आहे, निकाल प्रलंबित आहे. जून २०२५ पर्यंत १,६५,६०० रुपये व्याज, ५०,००० रोख फी, १५,१०४ प्रक्रिया शुल्क आणि कागदांचे १८,००० मिळून २,४८,७०४ रुपये गेले आहेत, आणि मुद्दल एका रुपयानेही कमी झालेले नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणारी आयकराची (कलम ८०ई ची) सवलतही मला नाही, कारण भाचा त्या कलमाच्या व्याख्येत बसत नाही. मामा-काकांनी सह्या करण्यापूर्वी हेही वाचावे.

ज्या बँक अधिकाऱ्याला मी तेव्हा आडमुठा म्हटले, त्यांच्याकडे अर्ज मंजूर झाला असता तर बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेप्रमाणे साडेसात लाखांपर्यंत तारण लागले नसते आणि परतफेड शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू झाली असती. याच शहरातील शासकीय आयटीआयमध्ये विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा ट्रेड आहे, हे तर मला सगळे संपल्यावर कळले.

आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणारा विभाग एकट्याची रक्कम लहान म्हणून हात लावत नाही, परंतु अनेकांच्या तक्रारी एकत्र आल्या तर चित्र बदलते, असे वकिलांचे म्हणणे आहे. त्यामुळे वर्धा रोडवरील अशा संस्थेच्या 'प्रशिक्षण सेवा' लिहिलेल्या पावत्या ज्यांच्याकडे असतील, त्यांनी त्या फेकू नयेत. पावती, कर्जाचे मंजुरीपत्र, संस्थेच्या खात्यात रक्कम गेल्याची नोंद आणि समुपदेशकाचे व्हॉट्सॲप संदेश तारखेसह जपून ठेवावेत. तक्रार पोलीस ठाण्यात दिली असेल तर आवक क्रमांक मागून घ्यावा. तो न देता परत पाठवले, तर तोच अर्ज पोलीस आयुक्तांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती त्याला जोडावी.