प्रेडिक्टइट : उमेदवाराचा भाव कळतो, मुद्द्याचा नाही

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत कोण पुढे आहे, हे बघायला प्रेडिक्टइट, म्हणजे निवडणुकीच्या निकालांवर पैसे लावायची वेबसाइट, कशी आहे, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. २०१९ पासून मी ते नेमाने बघते, अधूनमधून थोडे डॉलरही लावले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. कोणाचं पारडं आज जड आहे हे समजायला ही सेवा चांगली आहे. हवामानबदलाचा मुद्दा निवडणुकीत कितपत चालतोय हे समजायला मात्र तिचा फारसा उपयोग नाही. मी तिथे जाते ते मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणून पाचपैकी तीन तारे.

व्यवहार सोपा आहे. समजा प्रश्न असा, की डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी कोणाला मिळेल? खाली नावांची यादी आणि प्रत्येक नावापुढे ‘हो’चा आणि ‘नाही’चा भाव, १ सेंटपासून ९९ सेंटपर्यंत. तुमचं उत्तर बरोबर निघालं तर एका शेअरमागे १ डॉलर, चुकलं तर काही नाही. भाव ३० सेंट असेल तर त्या माणसाला ३० टक्के संधी आहे असं बाजाराचं मत, असा त्याचा ढोबळ अर्थ. न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनने २०१४ मध्ये हे संशोधनाचा प्रकल्प म्हणून सुरू केलं. त्यामुळे कितीतरी वर्षं एका पर्यायावर ८५० डॉलरच्या वर कोणाला लावता येत नव्हते. मला ती मर्यादा आवडायची. एखादा धनाढ्य माणूस येऊन भाव हवा तसा वाकवू शकत नसे. २०२५ मध्ये ती बरीच वाढवली गेली.

नव्या माणसाने आधी शुल्काचा हिशेब करावा. मी पैसे लावत होते तेव्हा नफ्यावर १० टक्के आणि पैसे बाहेर काढताना ५ टक्के कापले जायचे. म्हणजे ९५ सेंटांना घेतलेला शेअर जिंकला, तर ५ सेंट नफ्यातला अर्धा सेंट गेला, उरले साडेनव्व्याण्णव. ते काढताना ५ टक्के गेले की हातात साडेचौऱ्याण्णवच. जिंकूनही अर्धा सेंट तोटा! म्हणून जवळजवळ नक्की असलेल्या गोष्टीवर, म्हणजे हरणाऱ्याच्या ‘नाही’वरही, कोणी पैसे लावत नाही, आणि ज्यांना काही संधीच नाही त्यांचे भाव फुगलेले राहतात. २०२० च्या उमेदवारीच्या बाजारात हिलरी क्लिंटन यांच्या नावाला भाव होता, आणि त्या तर उभ्याच नव्हत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये बायडन जिंकल्याचं सगळ्या वृत्तवाहिन्यांनी जाहीर केल्यावरही ट्रम्प यांच्या ‘हो’ला कित्येक आठवडे भाव मिळत राहिला. तेव्हा यादीतल्या खालच्या नावांपुढचे आकडे बघून ‘अरे, यालाही ५ टक्के संधी आहे’ असं समजू नका. वरच्या दोन-तीन नावांपुरताच हा बाजार विश्वासाचा.

आणि प्रत्येक बाजाराखाली लिहिलेले नियम वाचा. निकाल तुमच्या समजुतीने लागत नाही, त्या मजकुराने लागतो. कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या घोषणेवरून, उमेदवार मध्येच बदलला तर काय, हे सगळं तिथे असतं. २०२४ च्या जुलैमध्ये बायडन यांनी माघार घेतली तेव्हा हे वाचलेल्यांना आणि न वाचलेल्यांना त्यातला फरक चांगलाच कळला असणार.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. जे इन्स्ली हे तेव्हा आमच्या वॉशिंग्टन राज्याचे गव्हर्नर होते. १ मार्च २०१९ ला सिएटलमध्ये त्यांनी उमेदवारी जाहीर केली आणि सरळ सांगितलं, की हवामानबदल हेच माझं पहिलं काम. इतका स्पष्ट हवामानाचा उमेदवार या देशात आधी झाला नव्हता. अल गोर २०००मध्ये उभे होते, फ्लोरिडात ५३७ मतांनी हरले, पण त्यांनीही आपली मोहीम या एका मुद्द्यावर उभी केली नव्हती. इन्स्ली यांनी कोळशावरची वीज २०३० पर्यंत बंद, २०३५ पर्यंत सगळी वीज प्रदूषणमुक्त, अशी तपशीलवार योजना मांडली. सीएनएनच्या एप्रिल २०१९ च्या पाहणीत डेमोक्रॅटिक मतदारांपैकी ८२ टक्के म्हणाले होते, की उमेदवाराने हवामानबदलावर जोरदार पावलं उचलायला पाठिंबा द्यावा हे आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. आणि इन्स्ली? जनमत चाचण्यांत १ टक्क्याच्या आसपास. प्रेडिक्टइटच्या यादीत अगदी तळाला. डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या टीव्हीवरच्या तिसऱ्या चर्चेत जागा मिळवायला चार चाचण्यांत २ टक्के हवे होते, ते जमले नाहीत, आणि २१ ऑगस्टला त्यांनी माघार घेतली.

मुद्दा ८२ वर, उमेदवार १ वर. ही दरी मला या सेवेत कुठेच दिसली नाही, कारण ती दाखवायची सोयच नाही. बाजाराच्या दृष्टीने इन्स्ली संपले, भाव शून्य, खातं बंद. प्रत्यक्षात काय झालं ते बघा. त्यांच्या माघारीनंतर दोनच आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला, सीएनएनवर दहा उमेदवारांना सात तास फक्त हवामानावर प्रश्न विचारले गेले. जुलै २०२० मध्ये बायडन यांनी २०३५ ची प्रदूषणमुक्त विजेची मुदत आपल्या कार्यक्रमात घेतली. इन्स्ली यांच्या मोहिमेतल्या लोकांनी एव्हरग्रीन ॲक्शन ही संस्था काढून त्या योजनांचा पाठपुरावा केला. १६ ऑगस्ट २०२२ ला ऊर्जा आणि हवामानासाठी सुमारे ३६९ अब्ज डॉलरची तरतूद असलेल्या कायद्यावर सही झाली. त्यात इन्स्ली यांचा वाटा किती, यावर वाद घालता येईल. माझ्या मते मोठा आहे. पण १ टक्क्याचा उमेदवार हा १ टक्क्याचा मुद्दा नव्हता एवढं नक्की.

हे मला इतकं का लागतं, ते सांगते. मी श्वसनविकाराच्या रुग्णांच्या फुफ्फुसांची तपासणी करते. ऑक्टोबर २०२२ मध्ये वणव्यांचा धूर सिएटलवर येऊन बसला. जगातल्या मोठ्या शहरांत सर्वात वाईट हवा आमची, अशी एक-दोन दिवस परिस्थिती होती. तपासणीत खोल श्वास घेऊन नळीत जोराने फुंकायचं असतं आणि फुंकर किमान सहा सेकंद टिकवायची असते. नेहमी ती नीट टिकवणारी माणसं त्या आठवड्यात तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला खोकून थांबत होती. पडद्यावरची रेघ वर चढायची, मध्येच तुटायची, आणि ‘पुन्हा करू या?’ असं विचारताना मला धीर होत नसे. त्याच्या आदल्या वर्षी, २८ जून २०२१ ला, इथे ४२ अंश सेल्सियस तापमान झालं होतं, आणि इथल्या कितीतरी घरांत एसी नाही. निवडणुकीत हा मुद्दा कुठे आहे हे मला म्हणून बघायचं असतं.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. जनमत चाचण्यांवरून निवडणुकीचा अंदाज बांधणारं फाइव्हथर्टीएट हे संकेतस्थळ मला सगळ्यात जास्त आवडायचं. २०१६ मध्ये बाकीचे बहुतेक जण क्लिंटन जिंकल्यातच जमा धरत होते, तेव्हा त्यांनी ट्रम्प यांना सुमारे २९ टक्के दिले होते, आणि कसे दिले ते समजावूनही सांगितलं होतं. मार्च २०२५ मध्ये ते बंद झालं, याचं मला खरंच वाईट वाटतं. पॉलिमार्केट या प्रेडिक्टइटसारख्याच बाजारात उलाढाल प्रचंड, पण २०२४ मध्ये एकट्या फ्रेंच माणसाने अनेक खात्यांतून ट्रम्पवर कोट्यवधी डॉलर लावले. तो जिंकला, तरी भाव म्हणजे अनेकांचं मत, हे गृहीतक तिथे सैल पडतं. कल्शी या अशाच आणखी एका बाजारावर तर उद्या न्यूयॉर्कमध्ये कमाल तापमान किती असेल यावरही पैसे लावता येतात. तापमानाचा बाजार आहे. तापमानावर मतदान कसं होईल, त्याचा नाही.

ते मतदान बघायचं तर मी आमच्या राज्याचे निकाल उघडते. २०१८ मध्ये कार्बनवर शुल्क लावायचा प्रस्ताव इथल्या मतदारांनी फेटाळला, सुमारे ५७ टक्के विरोधात. मग २०२१ मध्ये विधिमंडळाने प्रदूषणाच्या परवान्यांचा कायदा केला. पेट्रोल महागलं, ओरड झाली, कायदा रद्द करायचा प्रस्ताव २०२४ च्या मतपत्रिकेवर आला, आणि सुमारे ६२ टक्के लोकांनी तो पाडला. त्याच दिवशी देशात ३१२ इलेक्टोरल मतं घेऊन ट्रम्प निवडून आले. २० जानेवारी २०२५ ला त्यांनी हवामानबदलाविषयीच्या पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडायच्या आदेशावर सही केली. मग ४ जुलैच्या कायद्याने घरावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांची करसवलत त्या वर्षाअखेर संपवली. एका दिवसाच्या मतदानाचे हे दोन निकाल एका भावात कसे बसवणार?

२०२८ बद्दल विचाराल तर २०२५ च्या अखेरीस डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या बाजारात सर्वात वरचं नाव कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांचं होतं. हवामानाच्या बाबतीत त्यांची नोंद अमेरिकेतल्या कोणाही मोठ्या नेत्याच्या तोडीची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी राज्याचा कार्बन बाजार, म्हणजे प्रदूषणाच्या परवान्यांची खरेदी-विक्री, २०४५ पर्यंत वाढवला. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधल्या बेलेमच्या हवामान परिषदेलाही गेले, जिथे अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून वरिष्ठ पातळीवरचं कोणीच आलं नव्हतं. पण त्याच सप्टेंबरच्या कायद्यांमध्ये कर्न काउंटीत वर्षाला २,००० पर्यंत नव्या तेलविहिरींची वाट मोकळी करणाराही एक कायदा आहे, पेट्रोलचे दर आवाक्यात राहावेत म्हणून. उमेदवारीच्या शर्यतीत हे दोन्ही त्यांच्या पुढ्यात ठेवलं जाईल, आणि जावंच.

माझा अंदाज असा, की २०२८ ला ‘हवामान’ म्हणून हा मुद्दा कोणी पहिल्या क्रमांकावर मांडणार नाही. तो विजेच्या बिलातून येईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यू जर्सीत मिकी शेरिल गव्हर्नरपदी निवडून आल्या त्या विजेचे वाढते दर रोखण्याच्या आश्वासनावर. स्वस्त वीज म्हणजे सौर आणि पवन, हे जो उमेदवार घरगुती बिलाच्या भाषेत पटवून देईल, त्याची संधी मी बाजारभावापेक्षा जास्त धरते. न्यूसम यांना ते अवघड जाईल, कारण कॅलिफोर्नियात वीजच फार महाग आहे. म्हणून त्यांच्या ‘हो’चा शेअर मी आजच्या घडीला घेणार नाही. नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकांत विजेच्या बिलावर कोण कोण निवडून येतं ते बघेन, आणि मग यादीत त्यांच्या खालची नावं चाळेन.