सीपी की आरसिंक? कॉपी अर्ध्यात तुटली तर काय, ते आधी बघा

टर्मिनलवर काम करणाऱ्या प्रत्येकाचा हात आधी सीपीवर (cp, फायली कॉपी करायची साधी आज्ञा) बसतो, आणि त्यात गैर काहीच नाही. कॉन्फिग फाइलला हात लावण्याआधी तिची प्रत शेजारी ठेवायची किंवा प्रोजेक्टचा फोल्डर दुसऱ्या नावानं उभा करायचा, तर मी आजही सीपीच टाइप करतो. प्रश्न येतो मोठ्या कामाला. काहीशे जीबीचे फोटो किंवा जुना अख्खा होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर किंवा दुसऱ्या मशीनवर न्यायचा असेल, तर सीपी -आर (-आर म्हणजे फोल्डर आतल्या सगळ्यासकट) लावून उठायचं की आरसिंक (rsync, दोन ठिकाणच्या फायली जुळवणारी आज्ञा) शिकून घ्यायचं? मी दोन्ही बरीच वर्षं वापरतोय. माझा कल लपणार नाही, पण सीपीच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे, ते आधी सांगतो.

पहिला मुद्दा वेगाचा. एकाच मशीनवर, रिकाम्या जागी, पहिल्यांदाच कॉपी होत असेल तर माझ्या अनुभवात सीपी बहुतेक वेळा पुढे राहतं. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण लाखभर बारीक फायलींचा फोल्डर असला की फरक बसल्या जागी जाणवतो. आणि फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत, बीटीआरएफएस किंवा रीफ्लिंक चालू असलेली एक्सएफएस असेल, तर बरोबरीचा प्रश्नच उरत नाही. लिनक्सवरचं सीपी ज्या संचात येतं त्या ग्नू कोअरयुटिल्सच्या ९.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, सीपी जमेल तिथे आपणहून रीफ्लिंक करतं. डेटा हलतच नाही. दोन्ही फायली डिस्कवरचे तेच ब्लॉक वापरतात, आणि एकीत काही बदललं की तेवढाच भाग वेगळा लिहिला जातो. व्हर्च्युअल मशीनची भलीमोठी डिस्क इमेज एंटर दाबेपर्यंत कॉपी झालेली असते. आरसिंक त्याच कामाला सगळा डेटा वाचून पुन्हा लिहितं आणि जागाही तेवढीच घेतं.

दुसरं, सीपी -ए जास्त प्रामाणिक आहे. तारखा, परवानग्या, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नावं) तर ते राखतंच, पण दोन नावं एकाच फाइलची हार्डलिंक असतील तर प्रतीतही ती तशीच जोडलेली राहतात. आरसिंकच्या -ए मध्ये हे येत नाही. हार्डलिंकसाठी मोठा (कॅपिटल अक्षरातला) -एच, एसीएलसाठी (परवानग्यांची सविस्तर यादी) मोठा -ए आणि एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटसाठी (फाइलला जोडलेली जादा माहिती) मोठा -एक्स वेगळा द्यावा लागतो. ‘आर्काइव्ह’ म्हटलं म्हणजे सगळं आलं, असं समजून बरेच जण इथे फसतात.

एवढं असूनही मोठ्या कामाला मी सीपी सोडलं, ते एकाच गोष्टीमुळे.

फोटो आणि व्हिडिओंचा मोठा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर हलवत होतो. सीपी -आर चालू होतं आणि मला मध्येच निघावं लागलं, म्हणून कंट्रोल-सी दाबलं. संध्याकाळी येऊन तीच आज्ञा -यू लावून पुन्हा दिली. -यू म्हणजे तिकडची प्रत जुनी असेल किंवा नसेलच, तरच कॉपी कर. राहिलेल्या फायली भराभर गेल्या, एकही एरर नाही. मी मूळ फोल्डर पुसून जागा मोकळी केली. काही महिन्यांनी त्यातला एक व्हिडिओ उघडायला गेलो, तर प्लेअर तो उघडेचना. नाव बरोबर, जागा बरोबर, फक्त आकार कमी. कंट्रोल-सी दाबलं त्या क्षणी सीपी जी फाइल लिहीत होतं, ती हीच.

असं का झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सीपी नवी फाइल थेट तिच्या खऱ्या नावानं लिहायला घेतं. मध्येच थांबलं की अर्धी फाइल पूर्ण नावानिशी तिथेच राहते, आणि तिच्यावर तारीख पडते ती त्या क्षणाची. मूळ व्हिडिओची तारीख अर्थातच त्याच्या आधीची. दुसऱ्या वेळी -यू दोन्ही तारखा बघतं, तिकडची प्रत ‘नवीन’ दिसते, आणि ते पुढे सरकतं. -यू आकार बघतच नाही. -ए लावून तारखा राखायला सांगितलं असतं तरी सुटका नव्हती, कारण मूळची तारीख फाइल पूर्ण लिहून झाल्यावर चिकटवली जाते, त्याआधी नाही. म्हणजे बिघडलेली नेमकी तेवढी एक फाइल दुरुस्तीच्या फेरीतून सुटते, आणि ती कितीही वेळा आज्ञा दिली तरी सुटतच राहते. -यू शिवाय पुन्हा चालवलं असतं तर फाइल नीट झाली असती हे खरं, पण मग सगळे तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

आरसिंक याच जागी वेगळं वागतं. ते फाइल आधी ठिपक्यानं सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावानं लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं. कंट्रोल-सी दाबलं तर ती तात्पुरती फाइल पुसून बाहेर पडतं. पुन्हा चालवलं की प्रत्येक फाइलचा आकार आणि तारीख दोन्ही ताडून बघतं, एकातही फरक दिसला की ती पुन्हा आणतं. त्यामुळे अडकलं, तुटलं, वीज गेली, काहीही झालं तरी वरचा बाण दाबून तीच ओळ पुन्हा द्यायची, बाकी विचार करायचा नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली आरसिंक आणलं ते संथ नेटवर्क जोडण्यांवर फायली जुळवण्यासाठी. त्या जोडणीवर अर्ध्यात तुटणं रोजचंच असणार, आणि ती तयारी आजही उपयोगी पडते. नेटवर्कवरून मोठी फाइल जाताना --पार्शल दिलं तर आलेला भाग टिकतो आणि पुढच्या वेळी वापरात येतो. फक्त तो अर्धा भाग खऱ्या नावानं पडून राहू नये म्हणून मी --पार्शल-डिर देऊन तो वेगळ्या फोल्डरात ठेवतो.

सीपीचं आणखी एक दुखणं याच जातीचं आहे. ‘सीपी -आर फोटो जुने’ ही आज्ञा ‘जुने’ नावाचा फोल्डर नसताना दिली तर ‘जुने’ ही फोटोंची प्रत होते. तीच आज्ञा दुसऱ्यांदा दिली तर ‘जुने’च्या आत आणखी एक ‘फोटो’ तयार होतो. एकच ओळ, दोन वेळा दोन वेगळे निकाल. हातानं एकदाच करायचं असेल तर चालून जातं, स्क्रिप्टमध्ये ते महागात पडतं.

आता आरसिंकचा त्रास. तो खरा आहे, आणि तो म्हणजे शेवटची तिरकी रेघ. ‘फोटो’ लिहिलं तर फोल्डरसकट जातो, ‘फोटो/’ लिहिलं तर फक्त आतला माल जातो. टॅब दाबून नाव पूर्ण केलं की शेल ती रेघ आपणहून लावतो, म्हणजे चूक तुमच्या नकळत होते. नुसती कॉपी असेल तर पसारा होतो, आवरता येतो. पण सोबत --डिलीट (मूळ जागी नसलेलं तिकडून पुसून टाक) असेल आणि ‘फोटो/’ थेट डिस्कच्या मुळाशी पाठवलं, तर त्या डिस्कवरचं फोटोंव्यतिरिक्तचं सगळं पुसलं जाईल. म्हणून --डिलीट असलेली ओळ मी आधी -एन आणि -व्ही लावून चालवतो. काय जाणार आणि काय पुसणार याची यादी येते, हात कशालाच लागत नाही. सीपीला अशी रंगीत तालीम नाही. मॅकवाल्यांनी मात्र सीपीलाही गृहीत धरू नये, तिथलं बीएसडी वळणाचं सीपी या रेघेचा अर्थ आरसिंकसारखाच लावतं, लिनक्सवरचं लावत नाही.

फॅट फॉरमॅटचे पेनड्राइव्ह असतील तर आणखी एक गोष्ट. तिथे तारीख दोन सेकंदांच्या टप्प्यात साठते, त्यामुळे न बदललेल्या फायलीही आरसिंकला बदललेल्या वाटतात. --मॉडिफाय-विंडो=१ दिलं की शांत होतं. परवानग्या आणि मालकी तिथे टिकत नाहीत, म्हणून -ए ऐवजी -आरटी (आतल्या फोल्डरांसकट, तारखा राखून) पुरतं.

दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर सीपी शर्यतीत नाहीच, तिथे तुलना एससीपीशी, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवणाऱ्या आज्ञेशी. एससीपी ज्यात येतं त्या ओपनएसएसएचनं २०२२ च्या ९.० आवृत्तीत एससीपीचा जुना प्रोटोकॉल बाजूला ठेवून आत एसएफटीपी वापरायला सुरुवात केली. एखादी फाइल पाठवायला ते अजून छान आहे. फोल्डर असेल तर मी विचार न करता आरसिंक घेतो, अट एवढीच की ते दोन्ही टोकांना बसवलेलं असावं.

तुमच्या कामात एका डिस्कवरच्या झटपट प्रती जास्त असतील, किंवा रीफ्लिंकची फाइलसिस्टिम असेल, तर आरसिंकच्या मागे लागायची गरज मला दिसत नाही. सीपी -ए लक्षात ठेवा, -यू वर विसंबू नका, एवढं बास. पण कॉपी तासभरापेक्षा जास्त चालणार असेल, किंवा झाल्यावर मूळ माल पुसायचा असेल, तर माझं मत आरसिंकला. पुसण्याआधी मी तीच ओळ -एन, -सी आणि -आय लावून आणखी एकदा देतो. -सी मुळे आकार आणि तारखेवर न थांबता दोन्हीकडच्या फायली पूर्ण वाचून चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेले आकडे) जुळवले जातात, आणि -आय मुळे फरक असलेल्या फायलींची नावं दिसतात. वेळ लागतो, पंखा ओरडतो. स्क्रीनवर एकही नाव न येता प्रॉम्प्ट परत आला, की मगच मूळ फोल्डर पुसतो.